लोखंडानं प्यालेली हवा

मिदून, जेरबा
३ जानेवारी १९६६

प्रिय मुंजी,

सलाम. काम निघालं म्हणून पत्र निघालं, हे तू ओळखशीलच. आणि बेयाला वाचून दाखवताना "तुझ्या भावाला आमची आठवण गरजेपुरतीच येते" असंही म्हणशील. म्हण. बहिणीला सांग, सगळे बरे आहेत, रोजे चाललेत, माझा गुडघा अजून माझ्यावर रुसलेलाच आहे.

म्हणूनच आता विहिरीत कासिम उतरतो. वर दोर माझ्या हातात, खाली धाकटा भाऊ. फळीवर बसायचं, फळीची कडी दोराच्या आकड्यात अडकवायची आणि अर्धा अर्धा दिवस तसंच लोंबकळत भिंतीची माती-दगड उकरायचे. आमचं पाणी खारं. दरवर्षी आकडा गंजतो. जुना आता करंगळीएवढा उरलाय.

हूमत-सूकच्या शाबान लोहारानं नवा घडवून दिला आहे. लष्कराच्या जुन्या ट्रकच्या स्प्रिंगची कमान वितळवली नाही, तापवून ठोकली आणि तेलात विझवली. असला कडक की कानस घसरते. कासिमचं म्हणणं, याला मुंजीकडून मुलामा करून आणू, म्हणजे गंजायची कटकट जाईल. "नळासारखा चकाकू दे, खाली अंधारात तेवढीच सोबत," म्हणतो.

ईद झाली की विहिरी सुरू. त्याआधी होईल का? बसवाल्याबरोबर पाठवतो आहे.

तुझा
सईद

*

सफाक्स
८ जानेवारी

प्रिय सईद,

आकडा पोचला. शाबानला माझा सलाम सांग; ठोकणी सारखी आहे, वळणावर कुठे सुरकुती नाही. मी भिंगाखाली पाहिलं. कमान "वितळवली नाही" हे तू लिहिलंस ते बरं केलंस. वितळवली असती तर ती कमान राहिली नसती, हे तुला कुणी शिकवलं?

आता नीट वाच. कासिमला वाटतं तसा मुलामा म्हणजे रंग नव्हे. मी जस्ताचा देणार. तो खाऱ्या पाण्यात स्वतः झिजतो आणि लोखंडाला वाचवतो. त्यासाठी आकडा आधी आम्लात धुवायचा, मग हौदात विजेच्या ऋण टोकाला टांगायचा. पाण्यातलं जस्त येऊन त्याच्यावर बसतं. पण जस्ताबरोबर पाण्यातला हायड्रोजनही येतो. बराचसा बुडबुडे होऊन उडून जातो. थोडा मात्र एकटा एकटा, अणू अणूनं, लोखंडाच्या आत शिरतो. लोखंड हवा पितं, सईद. तुला हसू येईल. मलाही आलं होतं, जेव्हा निघून जाणाऱ्या फ्रेंच इंजिनियरच्या पुस्तकात मी पहिल्यांदा हे वाचलं. वाचायला शब्दकोश घेऊन बसावं लागलं होतं; मला कुठल्या शाळेनं फ्रेंच दिलं नाही.

पुस्तकावर मी विसंबत नाही. इथल्या दातांच्या डॉक्टरकडून पॅलेडियम नावाच्या धातूची पट्टी आणली, कागदाइतकी पातळ. हा धातू हायड्रोजनचा अट्टल पिणारा, आपल्या आकारमानाच्या शेकडो पट पितो. एका बाजूला लाख लावून बंद केली आणि ऋण टोकाला टांगली. डोळ्यांदेखत ती पट्टी वाळक्या पानासारखी वळली! पिणारी बाजू फुगली, बंद बाजू तशीच राहिली. धातूच्या आत अणूंच्या रांगा असतात, मशिदीतल्या सफांसारख्या. मध्ये पाहुणा घुसला की सगळ्यांना सरकून बसावं लागतं. मग मी वीज उलटी केली. पाहुणे बाहेर पडले, पट्टी सरळ व्हायला लागली, पण पूर्ण सरळ झाली नाही. ती पट्टी अजून माझ्या टेबलावर आहे, किंचित वाकडी.

मऊ लोखंड पाहुण्याला सांभाळून घेतं. कडक पोलाद घेत नाही. ते आतून ठिसूळ होतं, आणि वरून काहीच दिसत नाही. म्हणून मुलामा झाला की लगेच, त्याच दिवशी, माल भट्टीत भाजावा लागतो. हलक्या आचेवर, बराच वेळ, म्हणजे प्यालेलं बाहेर येतं. इथले बाकीचे मुलामेवाले भाजत नाहीत. मी भाजतो. माझा वाळू भरलेला पत्र्याचा डबा गल्लीतल्या सादोकच्या भट्टीत जातो, शेवटची भाकर निघाल्यावर. आच पोचली की नाही हे ओळखायची माझी एक खूण आहे. ती धंद्यातली गोष्ट आहे, मेहुण्यालाही सांगणार नाही.

ईदच्या आधी मिळेल.

मुंजी

*

मिदून
१४ जानेवारी

प्रिय मुंजी,

तुझं पत्र इफ्तारनंतर सगळ्यांना वाचून दाखवलं. अर्ध्यावर कासिमची बायको जोहरा पेंगली; तू मनावर घेऊ नकोस, ती कासिमशी बोलतानाही पेंगते. कासिमनं मात्र मन लावून ऐकलं आणि विचारलं, "लोखंड रमजानमध्ये पण दिवसाढवळ्या पितं का? मग त्याला भाजतात ते बरोबरच आहे."

मुंजी, तुझं सगळं खरं असेल. आम्हाला एवढंच कळव की आकडा धरेल की नाही. तू "धरेल" म्हणालास की आमच्या दृष्टीनं संपलं. ईदनंतर चौथ्या दिवशी पहिली विहीर घेतली आहे.

सईद

*

सफाक्स
१९ जानेवारी

प्रिय सईद,

घाईत लिहितो आहे, बसवाला दारात भोंगा वाजवतोय. आकडा डब्यासकट पाठवतो, वाळूतून काढून घ्या आणि डबा परत करा. मुलामा एकसारखा बसला आहे, वळणाच्या आतल्या बाजूलाही. तिथेच बाकीच्यांचा फसतो. भट्टीतून निघालेला आहे.

धरेल.

ईद मुबारक. तुमच्या पोरींसाठी बेयानं बदामाच्या गोड कड्या बांधून दिल्यात.

मुंजी

*

सफाक्स
२५ जानेवारी

प्रिय सईद,

ईद झाली. खारवलेला मासा आणि कांदा-मनुकांचा रस्सा यंदा बेयानं असा केला होता की शेजारच्यांनीही ताटली पुढे केली.

एक गंमत सांगतो. काल पाहुणे बेयाच्या मकरूदची, त्या खजूर भरलेल्या वड्यांची, तारीफ करत होते. तर तुझी बहीण म्हणते, "यंदा जागा चांगली मिळाली ना भट्टीत! सादोककडे बायकांची ही गर्दी, आणि मधोमध यांचा वाळूचा डबा राजासारखा बसलेला. गेल्या वर्षी त्या डब्याच्याच आम्लाचा वास माझ्या कड्यांना लागला होता. मी उचलला आणि ठेवला भट्टीच्या घुमटावर. काही थंड नाही तिथे, सादोकची मांजर तिथेच झोपते!" सगळे पोट धरून हसले. मांजर झोपते म्हणजे किती ऊब असेल, तूच विचार कर. माझ्या शास्त्राची ही किंमत माझ्या घरात.

असो. आकड्याबद्दल. मुलामा बसला तसा बसला, पण चकाकीबाबत माझं मन भरलेलं नाही. एवढी घाई करायला नको होती. सवडीनं परत पाठवलास तर पुन्हा एक हात फिरवून देईन. पैशांचा प्रश्न नाही. तोवर जुन्यावर चालवलंत तर उत्तम.

मुंजी

*

मिदून
३० जानेवारी

प्रिय मुंजी,

बेयाच्या मांजरीवर आम्ही दोन दिवस हसतो आहोत. ती लहानपणीही अशीच होती. अब्बांची चप्पल हलवून तिथे आपली बाहुली बसवायची. ज्याचा माल त्या डब्यात होता त्या बिचाऱ्याला सांगितलंस का? की त्यालाही चार पानं शास्त्र ऐकवलंस?

आकडा परत पाठवत नाही. अजून काय चकाकणार तो? कासिम त्यात बघून मिशा कापतो. तू आणि तुझं समाधान! तुझ्या लग्नात तू काजीच्या दौतीचं झाकण सरळ करत बसला होतास, मला आठवतं.

आणि आकडा तपासून घेतला आहे, काळजी नको. उंटाला जुंपला, दुसरं टोक ताडाला बांधलं, आणि उंटाला असा दणका दिला की ताड हलला. आकड्याला ओरखडाही नाही. मग कासिमनं आणि आम्ही दोघा-तिघांनी त्याला लटकून उड्या मारल्या. शाबानही होता. "तुझ्या मेहुण्याचा मुलामा माझ्या लोखंडापेक्षा महाग," म्हणाला.

एक राहिलं. डब्यातल्या वाळूत कागदाची पुडी निघाली, आत साखर. पांढरी स्वच्छ. ही कसली रीत? कासिमनं चहात टाकली. म्हणाला, मुंजीची ईदी.

पहिली विहीर झाली. लहानच होती. दुसरी मोठी आहे, तिथे पंधरवडा जाईल.

सईद

*

सफाक्स
४ फेब्रुवारी

प्रिय सईद,

पत्र मिळालं. उंटाचा दणका ही तपासणी नव्हे. दणका क्षणात संपतो. कडक पोलादाची खरी परीक्षा शांत वजनाखाली होते, कारण आत जे काही असेल त्याला सरकायला वेळ लागतो. ते ताण असेल तिकडे सावकाश गोळा होतं. तेव्हा असं करा: वाळूची पोती भरा, तीन माणसांच्या वजनाइतकी, तोलून. आकड्याला टांगा आणि हात न लावता चार दिवस तसंच ठेवा. पोती कोरड्या वाळूची असावीत, ओल्या वाळूचं वजन रोज बदलतं. दोर नवा असावा. टांगायची जागा विहिरीवर नको, पडवीत चालेल. रोज सकाळी आकड्याच्या वळणाच्या आतल्या बाजूला भिंगानं पाहावं. भिंग नसेल तर मी पाठवतो.

हे माझ्या समाधानासाठी आहे असं समज. एवढं कराच.

बेया मजेत आहे. तुम्हा सगळ्यांना सलाम.

मुंजी

*

मिदून
१६ फेब्रुवारी

मुंजी,

कासिम पडला आहे. जिवंत आहे. बेयाला एवढंच सांग.

तुला सगळं लिहितो. गेल्या बुधवारी, दुपारच्या नमाजानंतर. तो अर्ध्या खोलीवर होता. जोर करत नव्हता, हिसका देत नव्हता, पहार मांडीवर ठेवून विसावला होता, वर बघून मला म्हणाला, "भाई, जेवायला काय आहे?" मी म्हणालो, तुझ्या बायकोला विचार. आणि टिक्‌ असा आवाज आला. अक्रोड फोडल्यासारखा. दोर माझ्या हातात एकदम हलका झाला.

खाली कमरेइतकं पाणी आणि आम्हीच पाडलेले दगड. हात हलतात, जीभ हलते. कमरेखाली काही नाही. गाबेसच्या डॉक्टरनं पाय टाचणीनं टोचले, कासिम त्याच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "झालं का टोचून?"

तुझं पोत्यांचं पत्र आदल्याच दिवशी आलं होतं. मी वाचून दाखवलं. तो म्हणाला, मुंजीचं समाधान करत बसलो तर उन्हाळा उजाडेल. मीही हसलो.

आता ऐक, तुझ्याशी काम आहे. शाबानला चौकीवर बसवून ठेवलंय. लोक म्हणतात, भंगारातलं लोखंड वापरलं, ठोकताना चीर राहिली. त्याच्या भट्टीला कुलूप लावलंय. त्याची बायको रोज आमच्या दारात येऊन बसते, जोहराबरोबर भाजी निवडते. काहींनी मुलाम्याचंही नाव काढलं. मी चौकीवर जाऊन सांगितलं की ते शक्य नाही, माझा मेहुणा भिंग लावल्याशिवाय पाणी पीत नाही, आणि त्यानं मला लिहून दिलंय: धरेल.

चौकीचा साहेब म्हणतो, धातूतलं कळणाऱ्या कुणाचा तरी कागद हवा. मी तुझं नाव दिलं. दोन्ही तुकडे फडक्यात बांधून पाठवतो आहे. बघ आणि लिही. शाबानचा दोष असेल तर तसं लिही. नसेल तर तसं. तू लिहिशील ते साहेब मानेल, आणि मीही.

सईद

*

सफाक्स
२२ फेब्रुवारी

सईद,

तुकडे पाहिले. साहेबाचा कागद वेगळा जोडला आहे, त्यात हेच आहे.

शाबानची ठोकणी निर्दोष आहे. जुनी चीर असती तर तुटलेल्या जागी गंजाचा काळा डाग असता. नाही. तुटल्याच्या कडेला, वळणाच्या आत, एक चंद्रकोरीएवढा भाग दाणेदार आहे, फोडलेल्या खडीसाखरेसारखा चकाकता. तिथून सुरुवात झाली. बाकीचा भाग शेवटी एकदम गेला. हे लोखंडानं प्यालेल्या हायड्रोजनचं काम आहे. आकडा भाजलेला नव्हता.

मांजरीच्या जागेवर ठेवलेला डबा तुमचाच होता.

साखरेची पुडी ही माझी खूण. आच पुरेशी लागली तर साखर वितळून तपकिरी होते. दर खेपेला डबा उघडून पुडी पाहिल्याशिवाय मी माल देत नाही. त्या दिवशी बस उभी होती, मी उघडला नाही. ईदच्या दुसऱ्या दिवशी बेयाचं ऐकून मला कळायला हवं होतं, आणि कळलंही. घुमटावर थोडी तरी आच असेल, असं मनाला सांगत राहिलो. तू लिहिलंस की साखर पांढरी होती. त्यानंतर मनाला सांगण्यासारखं काही उरलं नाही.

गंमत म्हणून लिहिलं ते याचसाठी की सांगितल्यासारखं व्हावं आणि तू ऐकू नयेस. तार करता आली असती. मिदूनचा पोस्टमास्तर तारा चहाच्या दुकानात मोठ्यानं वाचतो हे तूच एकदा सांगितलं होतंस. मुंजीचा माल कच्चा निघाला, हे त्या दुकानात वाचलं जाऊ नये, एवढ्यासाठी मी तार केली नाही. तू विचारलंस, त्या बिचाऱ्याला सांगितलंस का. मी पोत्यांबद्दल लिहिलं.

डबा बेयानं हलवला, पण तिला त्याचं महत्त्व मी कधी सांगितलं नव्हतं. ते धंद्यातलं गुपित होतं. कासिम पडला एवढंच तिला माहीत आहे. त्याच्या सेवेला ती उद्याच्या बसनं निघते. हे पत्रही त्याच बसनं येईल, बसवाल्याच्या हातात. तिच्या हातात देण्याचं धाडस झालं नाही.

शाबानला आजच सोडवा. मी यायला तयार आहे, चौकीवरही आणि तुमच्याकडेही. तू सांगशील तेव्हा.

मुंजी

*

मिदून
१ मार्च

मुंजी,

शाबान घरी आला. साहेबानं तुझा कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "हा तुमचा मेहुणाच ना?" मी हो म्हणालो. तुझ्यावर काय कारवाई होईल ते तो वर विचारून ठरवणार आहे. शाबाननं भट्टी उघडली, पण दोन दिवस झाले, पेटवली नाही. दारात बसून असतो.

तुझी सगळी पत्रं पुन्हा वाचली. पॅलेडियमच्या पट्टीला तू एक पान दिलंस. "वापरू नका, कच्चा आहे" हे चहाच्या दुकानात वाचलं गेलं असतं तर तिथे मीच बसलेला असतो, मुंजी. रोज असतो. मी उठून घरी गेलो असतो आणि आकडा काढून ठेवला असता. कुणाला हसायला सवडही मिळाली नसती.

कासिमला मी वाचून दाखवलं. तोंड भिंतीकडे करून ऐकलं त्यानं. मग म्हणाला, "चहा गोड झाला होता त्या दिवशी."

बेया आल्यापासून त्याच्याजवळच आहे. उशी बदलते, भरवते, धाकट्या पोरीच्या वेण्या घालते. तुझं पत्र तिला दाखवलेलं नाही. ती त्याच्या तोंडात घास घालते तेव्हा मला त्या खोलीत उभं राहवत नाही. काल तिनंच विचारलं, "भाई, इतका चांगला आकडा तुटला कसा? यांनी तर स्वतः केला होता." मी दोर गुंडाळायला बाहेर गेलो. आता रोज विचारेल. मी नाही सांगणार. ते तू सांगायचं, तोंडानं, तिच्यासमोर बसून. कागदावर नाही.

कासिम म्हणतो, मुंजीला बोलाव. मी म्हणतो, नको. घर दोघांचं आहे, त्यामुळे माझ्या नकाराला अर्धीच किंमत.

गुरुवारची बस दुपारी येते. त्या वेळी मी विहिरीवर असेन आणि अंधार पडेपर्यंत परतणार नाही. तेवढ्यात काय ते बोलून घे.

सईद